दारू सुटली, पण त्याबरोबर बोलणंही बंद झालंय. कुणाला असा अनुभव आहे का?

रात्रपाळी_काळाचौकी

नमस्कार. इथे बरेच जण सोबर, म्हणजे दारू सोडलेले आहेत, काहींच्या घरचं कुणीतरी सोबर आहे, म्हणून विचारतोय.

मी लिफ्ट मेकॅनिक. वय चाळिशीच्या पुढे. बायको बालवाडीत शिकवते, मुलगी नववीत आहे. पुण्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात राहून आलो, त्यानंतर थेंबही घेतलेला नाही. घराजवळ एएची (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) मिटिंग होते, पाळी आडवी आली नाही तर जातो. हात थरथरायचे थांबले, भूक लागते, पगार अख्खा घरी येतो. त्या बाजूने तक्रार नाही.

अडचण ही की मला बोलता येत नाही.

मिटिंगमध्ये माझी वेळ आली की नाव सांगतो, "मी अल्कोहोलिक आहे, आजचा दिवस बरा गेला, धन्यवाद" म्हणतो आणि गप्प होतो. शेजारचा माणूस आईच्या तेराव्याला भावाभावांत झालेलं भांडण सांगता सांगता रडला. कुणी हसलं नाही, एकाने उठून चहा आणून दिला. बघून बरं वाटलं. पण माझ्या घशातून काही वर येत नाही.

घरी त्याहून कठीण. परवा बायको भाकऱ्या थापत होती. रागात नव्हती, सहज बोलून गेली, "पीत होतात तेव्हा निदान बोलत तरी होतात." आणि ते खरं आहे. दोन क्वार्टर पोटात गेल्या की मी तिला सगळं सांगायचो. वडिलांबद्दल, कामावर कधीकधी वाटणाऱ्या भीतीबद्दल, तिच्यावर किती जीव आहे तेसुद्धा. रडायचोही. सकाळी दोघंही असं वागायचो की रात्री काही घडलंच नाही.

मित्रांचंही तसंच. मंडळातल्या एकाचे वडील गेले तेव्हा स्मशानात आम्ही सगळे हाताची घडी घालून उभे. आठ दिवसांनी बारमध्ये बसल्यावर तो माझ्या गळ्यात पडून रडला. आता मी बसत नाही, तर तो भेटला की "काय म्हणतोस, बरं आहे ना?" एवढंच होतं.

आमच्या घरात तसं कुणी बोलणारं नव्हतंच. वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. १९८२चा संप झाला तेव्हा मी पाळण्यात. अडीच लाख कामगार बाहेर पडले, संप कागदावर कधी मिटलाच नाही, आणि वडील पुन्हा कामावर गेले नाहीत. ते गॅलरीत पाय लोंबकळत सोडून बसायचे. संध्याकाळची मशिदीची बांग झाली की उठून जायचे ते रात्री प्यायलेले यायचे. चाळीत सगळे कौतुकाने सांगतात, "तुझ्या बापाने एवढं सोसलं, पण कधी तोंडातून शब्द काढला नाही."

मुंबईतले समुपदेशक म्हणाले, रोज वहीत लिहा आज काय वाटलं. मी लिहितो. "वरळी टॉवर, मेन रोप बदलला. दुपारी डबा खाल्ला. ठीक." पुढच्या पानावर "परळ, दरवाजाचं लॉक. ठीक." वही भरत आली, सगळी ठीकनेच.

मुका आहे असंही नाही. गेल्या महिन्यात एक आजोबा आणि त्यांची नात दोन मजल्यांच्या मध्ये अडकले. पोरगी किंचाळत होती, वॉचमन दरवाजा उचकटायला निघाला होता. मी त्याला थांबवलं आणि दरवाजाला तोंड लावून बोलत बसलो. "काका, मी मेकॅनिक आहे, इथेच आहे, कुठे जात नाही. पंखा चालू आहे ना? बाळा, तुझं नाव काय? दरवाजाला हात लावू नका, माझा माणूस वर मशीनरूममध्ये गेलाय." केबिन मजल्याला येईपर्यंत बोलतच होतो. ती मुलगी बाहेर आल्यावर मला चॉकलेट देत होती. मग स्वतःच्या घरात काय होतं?

आणखी एक. काही वर्षांपूर्वी कामावर एक वाईट गोष्ट घडली. ती इथे लिहीत नाही. शुद्धीत असताना कुणालाच सांगितलेली नाही. झोप लागत नाही ती त्यानेच, असं मला वाटतं.

तर, बोलायलाच हवं का? हवं तर सुरुवात कुठून करायची? आणि डॉक्टरकडे गेलो आणि कामावर कळलं, तर शाफ्टमधलं काम काढून घेतील, ही भीती आहे.

---

पळणारा_दादर

सगळ्यांनी बोललंच पाहिजे असं मला वाटत नाही, दादा. मी पण सोबर आहे. पहाटे शिवाजी पार्कला पळतो, घाम निघतो, डोकं शांत होतं. मिटिंगला जातो पण ऐकायला. तुमचा मुद्दा समजतो, फक्त जबरदस्तीने रडायचं नाटक करू नका. आधी व्यायाम लावा, झोप येईल.

---

जुना_कंडक्टर

रात्रपाळी, तुमची पोस्ट दोनदा वाचली. मी बेस्टमधून रिटायर झालो. माझ्या सोबर होण्याच्या वेळी ज्या पोरीचं लग्न व्हायचं होतं, तिची पोरं आता कॉलेजात आहेत.

पळणाऱ्या भावाचं अर्धं बरोबर आहे. रडायची सक्ती नको. घाम गाळल्याने फायदा होतो, मीही चालतो. पण मी आमच्या ग्रुपमध्ये असे बघितलेत की दारू सोडली, देवळात गेले, उपास धरले, कुणाशी एक शब्द बोलले नाहीत, आणि वर्षं काढल्यावर एके दिवशी थेट गुत्त्यावर सापडले. बायकोला विचारलं तर ती म्हणते, काही झालंच नव्हतं हो, शांत होते. शांत नव्हते ते. एकटे होते. म्हणून गप्प माणसाची मला बोलणाऱ्यापेक्षा जास्त काळजी वाटते.

एएची सुरुवात कशी झाली ते तुम्हाला कुणी सांगितलं असेल, तरी पुन्हा सांगतो. १९३५ साल, अमेरिकेतलं ॲक्रन गाव. बिल नावाचा शेअर बाजारातला माणूस धंद्यासाठी तिथे आलेला, व्यवहार फिसकटलेला, आणि हॉटेलच्या बारमधून आवाज येतायत. त्याने बारकडे जाण्याऐवजी फोन उचलला आणि गावात दुसरा कुणी दारुडा आहे का ते शोधायला लागला. भेटले डॉक्टर बॉब, सर्जन. डॉक्टर घरच्यांच्या आग्रहाखातर आले होते, पंधरा मिनिटांच्या वर बसणार नाही असं सांगून. उठले रात्री अकरानंतर. कारण बिलने उपदेश केलाच नाही. तो फक्त स्वतःबद्दल बोलत राहिला. दोन पुरुष एका खोलीत बसून, न पिता, स्वतःबद्दल बोलले. बाकी सगळं नंतर आलं, एएच्या बारा पायऱ्या, पुस्तक, चहा. आणि एवढं बोलूनही डॉक्टर त्यानंतर एकदा प्यायलेच. त्यांचा शेवटचा प्याला १० जूनचा, तीच तारीख आपण स्थापनेची धरतो. म्हणजे एका बैठकीत सगळं सुटावं अशी अपेक्षा त्यांनाही करता आली नाही.

आता तुमचं. तुम्ही म्हणता बोलता येत नाही, आणि वर तो लिफ्टचा प्रसंग लिहिलात. तुम्ही त्या आजोबांना "घाबरू नका, मर्दासारखे उभे राहा" म्हणालात का? नाही. पंखा चालू आहे का विचारलंत. मी इथेच आहे म्हणालात. बारीक बारीक, खऱ्या गोष्टी. बोलणं तेच असतं. तुम्हाला वाटतंय मिटिंगमध्ये उभं राहून आयुष्याचा सगळा हिशेब मांडायचा असतो. तो मांडायचा असतोच, चौथी पायरी आहेच आणि पाचवीत तो दुसऱ्या एका माणसापुढे वाचायचाही असतो. पण एका माणसापुढे. वीस जणांपुढे नाही.

मी सुरुवात केली ती चालत. माझा स्पॉन्सर, म्हणजे एएमध्ये मला हात धरून नेणारा जुना सोबर माणूस, वडाळ्याचा. समोरासमोर बसलं की माझी बोबडी वळायची. तो म्हणाला, चल फाइव्ह गार्डनला फेरी मारू. दोघंही पुढे बघत चालायचो. तिसऱ्या बागेपाशी कधीतरी तोंडातून निघालं, "मला संध्याकाळी घरी जायची भीती वाटते." का ते मलाही माहीत नव्हतं. तो चालत राहिला, फक्त म्हणाला, "कुठपर्यंत ठीक असतं? गेटपर्यंत की जिन्यापर्यंत?" मी म्हटलं, जिन्यापर्यंत. त्या दिवशी तेवढंच. पुढच्या वेळी जिन्याच्या वर काय होतं ते निघालं. पोरीच्या लग्नाला मी पिऊन येईन म्हणून माझ्या आईने पोरीला आधीच रडून दाखवलं होतं, आणि ते मी दाराबाहेर उभा राहून ऐकलं होतं.

स्पॉन्सर आहे का तुम्हाला? तुमच्या पोस्टमध्ये उल्लेख नाही. नसेल तर तो आधी घ्या. ज्या माणसाने चहा आणून दिला ना, त्याला विचारून बघा.

वहीबद्दल. "काय वाटलं" हा प्रश्न आपल्यासारख्यांना जड जातो. त्याऐवजी अंगात काय झालं ते लिहा. जबडा आवळला होता का, पोटात गोळा आला का, कधी आला, कोण समोर होतं. "सेक्रेटरी ओरडला, कान गरम झाले, उत्तर दिलं नाही." एवढं लिहिलंत तरी ठीकपेक्षा पुष्कळ आहे. आणि भूक, राग, एकटेपणा, थकवा, या चारांवर रोज नजर ठेवायची, ते तुम्हाला मुक्तांगणमध्ये शिकवलंच असेल. रात्रपाळीवाल्याला चारही एकदम गाठतात. मी शेवटच्या गाडीवर असायचो, मला माहीत आहे.

---

भांडुपची_ताई

मी पलीकडच्या बाजूची. माझे मिस्टर प्यायचे, मी अल-ॲनॉनला, म्हणजे पिणाऱ्यांच्या घरच्यांच्या गटाला जाते.

तुमच्या बायकोचं वाक्य वाचून पोटात कालवलं, कारण ते मीही म्हटलंय. लोकांना वाटतं दारू सुटली की बाईला आनंदी आनंद. तसं नसतं दादा. आधी घरात एक मोठ्ठा आवाज होता. तो गेला. आणि त्या जागी एक माणूस आला जो वेळेवर येतो, पिशव्या उचलतो, टीव्ही बघतो आणि झोपतो. मला कळेना हा माझ्यावर रागावलाय का. की याला आता मी नकोशी झालेय. रोज रात्री मी त्याचा चेहरा वाचत बसायची. प्यायलेला असताना निदान कळायचं तरी काय चाललंय.

आणि तुम्ही रात्री जे बोलायचात त्यावर तिने विश्वास ठेवला असेल असं समजू नका. प्यायलेल्या माणसाने "तुझ्यावर जीव आहे" म्हटलेलं बाई ऐकते, पण धरून ठेवत नाही. सकाळी ते विरून जाणार हे तिला ठाऊक असतं. तेच तुम्ही एकदा शुद्धीत म्हणा. लांबलचक नको.

आमच्याकडे सासरच्यांनी एकदा लोकलमध्ये लावलेली जाहिरात बघून पावडर आणली होती. रुग्णाला न सांगता चहात घाला म्हणे. मी डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, अशा पुड्यांत काय असतं ते कुणालाच माहीत नसतं, आणि डायसल्फिरामसारखी दारू सोडवायची गोळी न सांगता दिली आणि वर तो प्यायला, तर बीपी एकदम खाली जाऊ शकतं, जीवावर बेततं. मी ती मोरीत ओतली. त्याला त्या रात्री सांगूनही टाकलं, की असं करायला निघाले होते घरचे. त्या दिवसापासून आमच्यात एक ठरलं, चोरून काही करायचं नाही. बोलणं तिथून हळूहळू सुरू झालं. आधी फक्त व्यवहाराचं. मग एकदा तो म्हणाला, "ऑफिसातल्या पार्टीला जायचं नाही मला, पण नाही म्हणायची लाज वाटते." मी काही सल्ला दिला नाही. अल-ॲनॉनमध्ये तेच तर शिकले, की तो बोलला की लगेच दुरुस्त करायला धावायचं नाही.

तिला विचारा अल-ॲनॉनला येते का. तिलाही कुणाशी तरी बोलायचं असेल. तुमच्याशी बोलण्याआधी कदाचित.

---

वॉर्ड_नंबर_नाही

मी पालिकेच्या रुग्णालयात मनोविकार विभागात समाजसेवक म्हणून काम करतो. नाव आणि रुग्णालय सांगत नाही.

वर सगळ्यांनी चांगलं लिहिलंय, मी फक्त जे राहिलं ते सांगतो.

ती "वाईट गोष्ट". ती पहिल्यांदा मिटिंगमध्ये काढू नका. कामावरचा अपघात, मृत्यू, असं काही डोळ्यांसमोर घडलेलं असेल तर ते प्रशिक्षित माणसापुढे, बंद खोलीत, तुमच्या वेगाने निघायला हवं. एकदम सगळं उघडलं तर त्या रात्री क्रेव्हिंग, म्हणजे प्यायची जबर ओढ, येऊ शकतं. स्पॉन्सर किंवा बायकोला एवढंच सांगितलंत की "अशी एक गोष्ट आहे, तिची आठवण येते, झोप लागत नाही", तरी पुरे आहे.

दुसरं. दारू सोडल्यावर पहिले काही आठवडे मन उदास राहणं, चिडचिड, झोप न लागणं हे अनेकांना होतं आणि बऱ्याच जणांचं आपोआप ओसरतं. महिन्याच्या पुढेही तसंच राहिलं, कशातच रस वाटेना, तर ते वेगळं नैराश्य आहे का ते तपासून घ्यावं लागतं. त्याला वेगळे उपचार आहेत. पुरुष ओपीडीत येऊन "मी उदास आहे" असं क्वचितच म्हणतात. पाठ दुखते, डोकं तापतं, घरी कुणी बोललेलं सहन होत नाही, असं सांगतात. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२च्या आकडेवारीत देशात १ लाख ७० हजारांहून जास्त आत्महत्या आहेत आणि त्यात दर दहांत साधारण सात पुरुष आहेत. मी हे घाबरवायला लिहीत नाही. पण आमच्याकडे जे उशिरा येतात, त्यांच्या घरचे जवळजवळ नेहमी सांगतात, "काही बोललाच नाही हो." तुम्ही इथे एवढं लिहिलंत, हे मला महत्त्वाचं वाटतं. जगणं नकोसं वाटतं असं कधी मनात येतं का, हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारतो, तुम्हालाही विचारतो. येत असेल तर उद्यावर ढकलू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, रात्रंदिवस, मोफत, मराठीत बोलता येतं. व्यसनासाठी वेगळी हेल्पलाइन १४४४६.

नोकरीची भीती. २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा दारूशी जोडलेल्या मानसिक त्रासालाही धरतो, आणि त्याच्या २३व्या कलमात तुमच्या उपचारांची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिलाय. तुमच्या संमतीशिवाय आम्ही मालकाला फोन करून सांगत नाही. मात्र डॉक्टरांना तुमचं काम नीट सांगा. झोपेच्या आणि चिंतेच्या काही गोळ्यांनी दिवसा गुंगी राहते, काहींची सवयही लागते. शाफ्टमध्ये उतरणाऱ्या आणि दारूतून बाहेर पडलेल्या माणसाला कुठली गोळी द्यायची हे ठरवायला दोन्ही गोष्टी कळाव्या लागतात.

---

रात्रपाळी_काळाचौकी

सगळ्यांचे आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, पाळ्या लागल्या होत्या.

समाजसेवक साहेब, तुमच्या प्रश्नाचं उत्तर, नाही. तसं येत नाही मनात. झोप नाही आणि कधीकधी हात गार पडतात, एवढंच. पण विचारलंत, बरं वाटलं. मला ते आजवर कुणी विचारलं नव्हतं.

कंडक्टर काका, चहा आणून देणाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "मी तर कधीपासून वाट बघतोय." तो शिवडीला राहतो, आता मिटिंग संपली की दोघं पायी येतो.

आणि काल घरी बोललो. ती मेथी निवडत होती, मी समोर बसून देठं बाजूला करायला लागलो. तिच्याकडे बघितलं नाही. म्हटलं, "मला एका पोराची आठवण येते, झोप लागत नाही." तिने विचारलं, "कुठला पोरगा?" म्हटलं, "माझा हेल्पर होता. जौनपूरचा." ती थांबली. मग म्हणाली, "तो, ज्याच्या आईसाठी तुम्ही साडी घेतली होती?" मला ते आठवतही नव्हतं. मी प्यायलेलो असताना तिला साडीचं सांगितलं असणार. म्हणजे तिने धरून ठेवलं होतं, ताई. तुमचं सगळं पटलं, पण या एका बाबतीत माझी बायको वेगळी निघाली.

पुढचं सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही. मुलगी बाहेरच्या खोलीत अभ्यासाला होती, तिने टीव्ही लावला नाही, त्यावरून वाटतं तिलाही कळलं असावं की काहीतरी चाललंय.

ते पुढचं मला डॉक्टरांपुढेच काढायचंय. केईएम जवळ पडेल. तिथे आधी काय करायचं असतं? बायको येते म्हणते, तिला आत घेतात का?

---

वॉर्ड_नंबर_नाही

केईएम, नायर, सायन, तिन्हीकडे मानसोपचार ओपीडी आहे, तुम्हाला केईएमच सोयीचं. सकाळी लवकर जा, केसपेपरच्या खिडकीला रांग असते. मुक्तांगणचं डिस्चार्ज कार्ड, चालू गोळ्यांची चिठ्ठी आणि ती वही सोबत न्या, ठीक लिहिलेली पानंसुद्धा. पहिल्या दिवशी गर्दीत सगळं बोलून होणार नाही. डॉक्टरांना सुरुवातीलाच सांगा की कामावरच्या एका घटनेबद्दल बोलायचंय आणि त्यासाठी वेगळा वेळ हवाय. बायकोला आत घ्यायचं की बाहेर बसवायचं हे तुम्ही ठरवायचं, डॉक्टर विचारतील. रात्रपाळी करून थेट जाऊ नका, आदल्या दिवशी सुट्टी टाका.